लिस्बनमध्ये लष्कराच्या भाकऱ्या

परदेशातल्या हॉस्टेलात काम करून फुकट राहण्याची विद्या अवघड नाही, पण तिची पहिली परीक्षा हॉस्टेलात नसते. ती घरच्या हॉलमध्ये असते. 'मी महिनाभर लिस्बनला जातोय' एवढंच सांगून थांबावं. 'तिथे काय करणार?' असं विचारलं तर 'कल्चरल एक्स्चेंज' म्हणावं. 'हॉस्टेलातल्या चादरी बदलणार' हे खरं उत्तर चुकूनही देऊ नये, कारण समोर बसलेल्या बाई तुमच्या जन्मापासून तुमची चादर बदलत आलेल्या असतात आणि त्यांना लिस्बन सोडाच, लोणावळ्याचं तिकीटही कोणी काढून दिलेलं नसतं. वडील फक्त 'पगार किती?' एवढंच विचारतील. 'राहणं फुकट आहे' असं सांगावं. 'राहणं इथेही फुकटच आहे,' ते म्हणतील. ह्याला उत्तर नाही. विषय बदलावा.

बाजू भक्कम करायला थोडा इतिहास पाठ असावा. रिखार्ड शिरमान नावाचे जर्मन शिक्षक १९०९ साली मुलांची पायी सहल घेऊन निघाले असताना वादळात सापडले. एका शाळेत रात्र काढावी लागली, आणि सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांत मुलांना झोपू का देऊ नये, असं त्यांच्या मनात आलं. पुढे आल्टेनाच्या किल्ल्यात हॉस्टेल उभं राहिलं. जुन्या यूथ हॉस्टेलांत झाडलोट, भांडी असली कामं पाहुण्यांनाच वाटून दिलेली असत. इंग्लंडात १९७१ साली सू कोपर्ड ह्या लंडनमधल्या सेक्रेटरीबाईंनी शनिवार-रविवार शेतावर राबायचं आणि बदल्यात जेवण-निवारा घ्यायचा अशी टूम काढली. तीच 'वूफ' ह्या नावानं जगभर पसरली. मग वर्कअवे, वर्ल्डपॅकर्स वगैरे वेबसाइटी आल्या आणि बिनपगारी काम मिळावं म्हणून वर्षाची वर्गणी भरायची सोय झाली. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या हे आपल्याला ठाऊक होतं. तवाही आपणच भाड्यानं घ्यायचा, ही भर मात्र अलीकडची.

आता प्रोफाइल. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरचा पाठमोरा फोटो चालतो, मावसभावाच्या लग्नातला शेरवानीतला चालत नाही. 'स्वयंपाक येतो' हे लिहिण्याआधी शांतपणे विचार करा. भारतीय माणसाकडून दोनच अपेक्षा असतात, योग आणि करी. योग येत नसला तरी निभावतं, सकाळी सातला गच्चीवर फारसं कोणी उठून येत नाही. पण दर गुरुवारी तीस जणांची 'करी नाइट' तुमच्या गळ्यात पडली, तर एरवी ज्याला घरी चहासुद्धा आयता लागतो त्या माणसाचं काय होईल? कामाचे तास, सुट्टीचे दिवस, जेवण आणि झोपण्याची जागा हे सगळं लेखी विचारून घ्या. दिवसाला चार-पाच तास, आठवड्याला पाच दिवस हा सर्वसाधारण रिवाज आहे. जाहिरातीत 'आम्ही सगळे एक कुटुंब आहोत' असं असेल तर दोनदा वाचा. कुटुंबात साप्ताहिक सुट्टी कोणाला असते, ते आपल्या आईला विचारावं.

व्हिशाच्या खिडकीशी मात्र विनोद बाहेर ठेवून यावं लागतं. पोर्तुगाल शेंगेन देशांपैकी एक. पर्यटनाच्या शेंगेन व्हिशावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. त्यासाठी शुल्क ९० युरो, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेची स्टेटमेंटं आणि राहण्याची सोय झाल्याचा पुरावा. थोडक्यात, खाटेचं भाडं आपल्याला सहज परवडतं हे सरकारला पटवून द्यायचं आणि मगच फुकटची खाट गाठायची. एवढं करून हा व्हिसा फिरण्याचाच, कामाचा नव्हे. 'पण मला पगार कुठे मिळतोय?' हा युक्तिवाद प्रत्येकाला सुचतो आणि तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं प्रत्येकाला वाटतं. कामाच्या बदल्यात मिळालेली खाट हासुद्धा मोबदलाच, असं न्यूझीलंडचं इमिग्रेशन खातं तर उघड सांगतं. ब्रिटनमध्ये व्हिजिटर व्हिशावर स्वयंसेवा चालते, पण फक्त ३० दिवसांपर्यंत आणि तीही नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी. तळमजल्यावर बिअर विकणारं खासगी हॉस्टेल कितीही मायेनं वागलं तरी त्यात बसत नाही.

सरळ रस्ता हवा असेल तर ऑस्ट्रेलियानं २०२४ पासून १८ ते ३० वयाच्या भारतीयांसाठी फिरता फिरता काम करण्याचा व्हिसा सुरू केलाय. जागा वर्षाला १,०००, निवड सोडतीनं. म्हाडाच्या सोडतीत नाव लागलेलं कोणी ओळखीचं असेल तर फॉर्म त्याच्याच हातून भरून घ्यावा. 'टुरिझम लिहा, बाकी मी बघतो' म्हणणारे एजंट दादा लिस्बनच्या विमानतळावर बघायला हजर नसतात. परत पाठवलं तर ती नोंद त्यांच्या नावावर होत नाही. म्हणून हॉस्टेललाच विचारा, तुमच्या कामाला कोणता व्हिसा लागतो? 'डोंट वरी' असं उत्तर आलं की काळजी करायला सुरुवात करावी. योग्य कागद नसेल त्यानं खाटेचं भाडं भरून निवांत फिरावं आणि पुढचा भाग केवळ करमणूक म्हणून वाचावा.

कागद असलेल्यांनी माझ्यामागून जिना चढावा. बाइशा, अल्फामा भागांतली हॉस्टेलं जुन्या इमारतींत आहेत, जिने अरुंद, लिफ्ट असली तर नशीब. जुने पाहुणे अकराला खोली सोडतात, नवे दुपारी दोन-तीनला येतात, आणि मधला वेळ तुमचा. वरच्या बंकवर इलॅस्टिकची चादर घालणं हे ह्या विद्येतलं शीर्षासन. एक पाय शिडीच्या पायरीवर, एक गुडघा गादीवर, डोकं छताला. जो कोपरा उचलायचा, नेमका त्याच्यावर तुमचा गुडघा. चौथा कोपरा बसला की पहिला टपकन सुटतो. नवशिके ह्याला नशीब म्हणतात. नशिबाचा संबंध नाही, क्रम चुकतो. भिंतीकडचे दोन्ही कोपरे आधी अडकवायचे, मग मागे सरकत सरकत स्वतःला गादीवरून हाकलायचं आणि बाहेरचे दोन कोपरे शिडीवर उभं राहून ओढायचे. उशीचा अभ्रा उलटा करून दोन्ही हात आत घालायचे, आतूनच उशीची टोकं पकडायची आणि झटकायचा.

चादर घालण्याआधी गादीची शिवण बघा. काळे ठिपके दिसले तर ती ढेकणांची खूण. मालकांना हळूच, खासगीत सांगावं. त्याआधी एकदा 'ढेकूण!' म्हणून मोठ्यानं ओरडायला हरकत नाही. मन मोकळं होतं, आणि खालच्या बंकवर कोणी डोंबिवलीकर नसला तर बोभाटाही होत नाही.

आपला तिसरा बंक चालू असेल तेवढ्यात शेजारच्या दोन खोल्या लख्ख झालेल्या दिसतील. हे काम पगारी बाईंचं. बऱ्याचदा त्या ब्राझीलहून किंवा केप व्हर्दीहून आलेल्या असतात, आणि संडास-बाथरूमचं काम स्वयंसेवकांवर सोडायचं नाही एवढं त्यांना अनुभवानं कळलेलं असतं. तुम्हाला किती मिळतात, असं त्या एक दिवस खुणेनं विचारतील. तुम्ही खाटेकडे बोट दाखवाल. त्या पुन्हा विचारतील, कारण पहिल्यांदा आपण नीट ऐकलं नाही असं त्यांना वाटेल. ह्या मजल्याला आधी आम्ही दोघी होतो, असं त्यांनी सांगितलं तर 'कल्चरल एक्स्चेंज'चं पोर्तुगीज आपल्याला येत नाही असं दाखवून पुढचा अभ्रा हातात घ्यावा. ह्या प्रसंगासाठी याहून चांगली युक्ती मला माहीत नाही.

रिसेप्शनवर बसायची पाळी आली तर हसत राहावं. परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारला कळवावी लागते, म्हणून पासपोर्टावरचं नाव अक्षर अन् अक्षर टिपायचं. शहराचा कर सप्टेंबर २०२४ पासून माणशी रात्रीला ४ युरो, पहिल्या सात रात्रींपुरता. ज्यानं विमानाला चारशे युरो हसत मोजले तो ह्या चार युरोंवरून पंधरा मिनिटं हुज्जत घालतो, आणि पैसे जणू तुमच्या खिशात जाणार आहेत अशा नजरेनं बघतो. रात्रपाळीत पहाटे तीनला बाइरू आल्तूच्या बारमधून किल्ली हरवलेले लोक येतात. बारा जूनच्या रात्री, सेंट अँथनीच्या सणाला, झोपेचा नाद सोडावा. अल्फामाच्या बोळाबोळांत सार्डीन भाजत असतात आणि धूर थेट चौथ्या मजल्यावर येतो. शाकाहाऱ्यांनी त्या दिवशी सुट्टी मागावी. मिळणार नाही, पण मागावी.

खाण्याचं बघायचं तर नाश्ता बहुधा हॉस्टेलचा. स्वयंपाकघरात 'फ्री फूड' लिहिलेला एक कप्पा असतो. त्यात अर्धा पास्ता, चार प्रकारचं मीठ आणि कोणीतरी फार पूर्वी सोडून गेलेली म्युस्ली. घरची आठवण आली की मार्तीं मोनीजच्या चौकाकडे जावं. तिथल्या दक्षिण आशियाई दुकानांत डाळी, मसाले मिळतात, पोहेही मिळावेत. फोडणी मात्र जपून. मोहरी तडतडली की स्मोक अलार्मही तडतडतो आणि चाळीस पाहुणे टॉवेलवर रस्त्यात उभे राहतात.

उन्हाळ्यात लिस्बन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, त्यामुळे आईचा व्हिडिओ कॉल हमखास चादरींच्या वेळेला येतो. गॅलरीत या. अल्फामात खिडक्याखिडक्यांतून धुणं वाळत असतं, तेव्हा मागे दिसणाऱ्या बारा चादरी हा तिथला नजारा म्हणून सहज खपतो.

हिशेबाची वही महिन्याअखेर उघडावी, आधी नको. पोर्तुगालचं किमान वेतन २०२५ साली महिना ८७० युरो होतं, म्हणजे चाळीस तासांच्या आठवड्याला ताशी साधारण ५ युरो. तुमच्या पंचवीस तासांचे झाले १२५. आठ जणांच्या खोलीतली खाट रात्रीला २० युरोंची धरली तर आठवड्याचे १४०. म्हणजे वर पंधरा युरोंचा फायदा! पण जरा थांबा. तुम्हाला मिळालेली खाट वीस युरोंची नसते. ती बॉयलरच्या शेजारी, बिनखिडकीच्या खोलीतली, कोणालाही विकता येत नाही म्हणूनच स्वयंसेवकांसाठी राखलेली असते. शिवाय पोर्तुगालात पगार वर्षाला चौदा मिळतात, बाराऐवजी. खाट चौदा महिन्यांची मागितलीत तर व्हिसा आड येईल. विमानाचं तिकीट, विमा, व्हिशाचे ९० युरो आणि वेबसाइटची वर्गणी ह्या हिशेबात धरू नयेत. तो खर्च 'अनुभव' ह्या खात्यात टाकायची पद्धत आहे, आणि त्या खात्याचं ऑडिट होत नाही.

निघायच्या दिवशी आपली चादर आपणच काढावी, लाँड्रीच्या पिशवीत टाकावी, लॉकरची किल्ली परत करावी आणि रिव्ह्यू आधी हॉस्टेलला लिहू द्यावा. घड्याळाकडे लक्ष असू द्या. अकरा वाजले की स्वयंसेवकाची मुदत संपते, आणि आणखी एक रात्र मुक्काम हवा असेल तर वीस युरो, अधिक शहराचा कर ४.