रिमूव्ह टू

पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या हॉस्टेलवर जा, इंग्रजी सुधारणारा एक मुलगा तिथे असतोच. इंग्रजी येणारा नव्हे, न येणाराही नव्हे, सुधारणारा. मूळचा उदगीरचा, शिरपूरचा, नाहीतर चाळीसगावचा. आपल्या राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीलाच सुरू झाले, म्हणजे बारावीपर्यंत बारा वर्षे ही भाषा त्याच्या दप्तरात होती. बोर्डाला मार्कही घसघशीत. 'रिमूव्ह टू' म्हटले की पठ्ठ्या झोपेतसुद्धा 'टू' उपटून तिथे 'सो' आणि 'दॅट' बसवून देतो. 'नो सूनर'चे 'ॲज सून ॲज' करणे तर डाव्या हातचा मळ. फक्त कँटीनमध्ये दिल्लीकडच्या वर्गमैत्रिणीने शेजारच्या खुर्चीकडे बोट करून 'इज धिस सीट टेकन?' विचारले, की तो ताट उचलून उभा राहतो आणि दोन्ही खुर्च्या तिला देऊन निघून जातो.

त्याच संध्याकाळी तो अप्पा बळवंत चौक गाठतो. 'रेन अँड मार्टिन' घेतो, जुने. आधीच्या मालकाच्या पेन्सिलीच्या खुणा नामांच्या प्रकारांपर्यंत ठसठशीत, पुढे पुसट, आणि आर्टिकल्सच्या धड्यात गायब. त्याच्याही आधीच्या मालकाच्या शाईच्या रेघा तिथेच आटलेल्या. आपला गडी हायलायटर घेऊन बसतो आणि परंपरेत खंड पडू देत नाही. गंमत म्हणजे यातला रेन हा तोच पी. सी. रेन, ज्याने १९२४ साली 'बो जेस्ट' ही कादंबरी लिहिली. फ्रेंच फौजेत पळून गेलेले तीन भाऊ, वाळवंटातला किल्ला, नाहीसा झालेला नीलमणी, सगळा मसाला आहे. पण ती वाचणे म्हणजे टाइमपास. ज्याचा कंटाळा येतो तोच अभ्यास, ही त्याची पक्की समजूत आहे, आणि (खरे सांगायचे तर) आपल्या शाळांनीही तिला कधी धक्का लावलेला नाही.

मग वही. दोनशे पानी, तीन रकाने: शब्द, अर्थ, वाक्य. रोज दहा शब्द, तेही डिक्शनरीतून ओळीने. ॲबँडन, ॲबेट, ॲबडिकेट, ॲबहॉर... 'ए' ओलांडायच्या आत सबमिशन येऊन आदळते. सबमिशन झाले की नवी वही, शुभारंभ पुन्हा 'ए'पासून. जुन्या वहीत पुढे लिहिणे त्याला अपशकुनी वाटते. त्यामुळे त्याचा शब्दसंग्रह मोठा आहे, पण सगळा एकाच गल्लीत राहतो. मेसच्या आमटीला तो 'ॲबॉमिनेबल' म्हणतो. काकूंना ते कौतुक वाटते. 'घे रे बाळा, लाजू नकोस,' म्हणत त्या आणखी एक पळी वाढतात. 'पुरे' म्हणावे, तर त्या आठवड्यात मराठी न बोलण्याचे व्रत चालू असते. 'इनफ' म्हणावे, तर वही अजून 'ई'पर्यंत पोचलेली नसते. गडी मुकाट आमटी ओरपतो.

पुढे कोणीतरी सल्ला देतो की अग्रलेख मोठ्याने वाच. झाले. पहाटे हॉस्टेलच्या गच्चीवरून वित्तीय तुटीवरचा इंग्रजी अग्रलेख खणखणीत आवाजात सुरू होतो. खालच्या मजल्यावरून उशा, चपला आणि आईबापांचा उद्धार वर येतो. वॉचमनकाका तेवढे हात जोडून ऐकतात. एकदा त्यांनी भाबडेपणाने विचारले, "काय म्हणतंय सरकार?"

"माहीत नाही काका. माझं लक्ष उच्चारांवर होतं."

त्याच पेपरचे शेवटचे पान मात्र तो नाश्त्याला वडापावाखाली पसरून अथपासून इतिपर्यंत वाचतो. डिक्शनरी नाही, वही नाही, रकाने नाहीत. कोण कसा बाद झाला, कोणाला का वगळले, सगळे चटणीसकट पोटात जाते. रात्री मॅच असली की हर्षा भोगले बोलायच्या आधी हाच त्यांचे वाक्य पुरे करतो. या वाचनाची नोंद अर्थातच टाइमटेबलात नसते.

परवा असाच सामना हातातून गेला. कोचीकडचा रूम पार्टनर म्हणाला की दोष बोलरचा. हा ताडकन कॉटवर उभा राहिला: "इफ ही हॅड हेल्ड दॅट कॅच, वुई वुड हॅव वन इन द एटीन्थ ओव्हर!" आणि मग पाऊण तास नुसता धबधबा. क्षेत्ररचना, टॉस, दव, निवड समिती. कोचीकर हरला. कॉमन रूममधून आलेली पोरे दारात थबकली. त्यातला एक सांगलीकर म्हणाला, "आयला, तू तर फाडफाड बोलतोस की!"

गडी एकदम भानावर आला. खाली उतरला, चप्पल शोधू लागला.

"छे रे, ते आपलं मॅचपुरतं. कंडिशनल्सचा धडा अजून व्हायचाय. सोमवारपासून धरतो."