गेलेला डी ड्राइव्ह परत आणणे

पार्टिशन जाते तेव्हा डिस्कवरचा मजकूर जात नाही, त्याचा पत्ता जातो. जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांच्या सेक्टरमध्ये 64 बाइटांचा एक तक्ता असतो. त्यातल्या चार नोंदींत प्रामुख्याने कोणते पार्टिशन कुठे सुरू होते आणि किती लांब आहे एवढेच असते. सातबारा फाटला म्हणून शेत वाहून जात नाही.

पार्टिशन जाण्याची कारणे म्हणून व्हायरस आणि अचानक गेलेली वीज यांची नावे घेतली जातात. मुख्य कारण भाचा हे होय. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतो, दिवाळीत येतो, ‘मामा, सी ड्राइव्ह लाल झालाय’ असे निदान करतो आणि हातातली चकली संपायच्या आत डी ड्राइव्ह उडवतो. ‘डीमध्ये काही नाही ना?’ हे तो विचारतो, नाही असे नाही, नंतर विचारतो. डीमध्ये वीस वर्षांचे फोटो असतात.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये आता त्या जागी काळी पट्टी दिसते. लगेच सुतक धरू नये. तिथे नवे पार्टिशन करून ते फॉरमॅट मात्र मुळीच करू नये.

डिस्क टकटक आवाज करत असेल तर वीज बंद करून ती जाणकारांकडे न्यावी. तिथे भाचा चालत नाही.

डिस्क धडधाकट असेल तर आधी दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर तिची सेक्टरवार प्रत काढावी. हा सल्ला सगळे देतात. दुसरी डिस्क कोणाकडे असती तर बॅकअपही असता. निदान शोधाचे सॉफ्टवेअर तरी त्याच डिस्कवर उतरवू नये. पेन ड्राइव्ह कशाला असतो?

क्रिस्तोफ ग्रेनिए यांचे टेस्टडिस्क फुकट मिळते. त्याचा पडदा काळा, माऊसचा उपयोग शून्य. भल्याभल्यांचे बोट तिथे थरथरते. भाच्याचे थरथरत नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. अ‍ॅनालाइझ, मग क्विक सर्च, त्यात न सापडल्यास डीपर सर्च. पार्टिशन सापडले की ‘पी’ दाबून आतल्या फाइली दिसतात का ते बघावे. ओळखीची नावे दिसल्याशिवाय ‘राइट’ला हात लावू नये. ‘राइट’ केल्यावर संगणक पुन्हा सुरू करावा.

नव्या जीपीटी पद्धतीत तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, म्हणून पहिला तक्ता बिघडला तरी ती कामी येते. एसएसडीवर ट्रिमची, म्हणजे पुसलेली जागा खरोखर रिकामी करण्याची, आज्ञा जाऊन गेली असेल तर बहुधा काहीच हाती लागत नाही.

पार्टिशन सापडलेच नाही तर टेस्टडिस्कसोबत येणारे फोटोरेक चालवावे. ते तक्त्याकडे न बघता फाइलींच्या खुणा हुडकते. फोटो येतात, पण जुनी नावे आणि फोल्डर येत नाहीत. लग्न, सहल आणि गॅसचे बिल सगळे एफ आणि पुढे आकडे अशा नावांनी एका ढिगात पडते. हा ढीग निवडायला भाच्यालाच बसवावे. चकलीचा डबा जवळ ठेवावा. दोनेक हजार फोटोंनंतर त्याला कान टोचतानाचा फोटो सापडतो: मामाच्या मांडीवर तो स्वतः, भोकाड पसरलेला. मग घर गोळा होते आणि तासभर काम पुढे सरकत नाही.