भिंत भाड्याने मिळेल

नागपुरात मंडपवाल्याच्या दुकानाला बिछायत केंद्र म्हणतात. भाऊंच्या वडिलांचं तसंच होतं: सतरंज्या, गाद्या, कनाती, बल्ल्या आणि अख्खं गाव बांधून उरेल एवढी सुतळी. भाऊंनी पाटी बदलून ‘एक्झिबिशन सोल्युशन्स’ केली. बल्ल्यांच्या जागी ॲल्युमिनियमचे खांब आले, कनातींच्या जागी पांढरी पॅनेलं. गाद्या मात्र ठेवल्या. लग्नातला व्याही ॲल्युमिनियमवर बसत नाही.

या मालाला धंद्यात ऑक्टोनॉर्म म्हणतात. 1960 च्या दशकाच्या शेवटी जर्मनीतल्या हान्स ब्रुडर नावाच्या माणसाने तो काढला. भाऊ त्याचं नाव ‘ब्रुडरसाहेब’ असं घेतात, सासऱ्याचंही इतक्या आदराने घेत नाहीत. खांबाला आठ बाजूंनी खाचा. खाचेत पॅनेल सरकवायचं, वर आडवी पट्टी बसवायची, षटकोनी चावीने आवळायची. झाली भिंत. प्रदर्शन संपलं की उलटी चावी फिरवायची आणि भिंत ट्रकमध्ये. आज बियाणं-खताचा स्टॉल, पुढच्या आठवड्यात इंजिनीअरिंग कॉलेजची माहिती, मग लोणची-पापड. पॅनेल तेच, फक्त वरच्या फेसियावरचं नाव बदलतं. कधी बदलायचं राहतं, आणि महिला बचत गट सकाळभर ‘ठिबक सिंचन’ या नावाखाली कुरड्या विकतो.

पॅनेल साधारण एक मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच. भाऊंचं सगळं जग याच मापात बसतं. कस्तुरचंद पार्क, रेशीमबाग मैदान यांचं त्यांना दिसतं ते फक्त क्षेत्रफळ. भाचीच्या साक्षगंधाला हॉलमध्ये शिरल्या शिरल्या त्यांनी मान वर केली, पावलं मोजली आणि नवरदेवाच्या बापाला सांगितलं, “बावीस स्टॉल बसते बाप्पा इथं. दोन कॉर्नरचे.” नवरदेव कसा होता, हे त्यांना घरी बायकोला विचारावं लागलं.

धंद्याचं मर्म ते मोकळेपणाने सांगतात. तीन बाय तीनच्या स्टॉलला मागे तीन आणि बाजूंना तीन-तीन, अशी नऊ पॅनेलं लागतात. मग दहा स्टॉलच्या रांगेला नव्वद? “काहून नव्वद? मधली भिंत दोघांचीबी राह्यते ना! त्रेसष्टात काम होते.” आणि भाडं? भाडं दोन्ही बाजूंकडून पूर्ण. “भिंत एक, गिऱ्हाइकं दोन,” असं म्हणून ते तर्री-पोह्यांचा पुढचा घास घेतात.

खिळा हा त्यांच्यासमोर उच्चारायचा शब्द नव्हे. एका स्टॉलवाल्याने सहज हातोडी मागितली, तर तो त्यांच्या घरावर दरोडा घालायला आल्यासारखे भाऊ अंगावर गेले. दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपला परवानगी आहे, पण माघारी आलेलं प्रत्येक पॅनेल ते उन्हात तिरपं धरून पाहतात. डिंकाचा डाग दिसला की वहीत ‘डॅमेज’. या वहीपुढे कोणाची ओळख चालत नाही.

कायमच्या बांधकामाबद्दल त्यांना एकूण दयाच आहे. 1953 च्या नागपूर करारामुळे वर्षातून एकदा विधिमंडळ नागपुरात भरतं. भाऊंच्या मते सरकारने आयुष्यात शिस्तीने केलेलं एवढंच काम. “डिसेंबरात येते, उभं राह्यते, खोलते, वापस मुंबईले जाते. एकदम आपल्या लाइनचं काम.” खंत आहे ती एकच. 1920 साली नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन झालं, चौदा हजारांवर प्रतिनिधी आले, आणि ज्या जागी मंडप पडला ती आजही काँग्रेसनगर म्हणवते. “मंडप उठला, नाव राह्यलं. आन् मी इतकी प्रदर्शनं उभी केली, एखाद्या गल्लीलेबी माह्यं नाव नाही,” असं ते म्हणतात. त्यातला हेवा गांधीजींचा नसून मंडपवाल्याचा असतो.

मधे भावाभावांत वाटणी झाली. घरात भिंत घालायला गवंडी बोलावला होता, तो भाऊंनी दारातूनच परत पाठवला आणि गोदामातून सहा पॅनेलं आणून एका दुपारी भिंत उभी केली. धाकट्याने वरून फेसियाही लावायला सांगितला. नंतर ऐन हंगामात एका कृषी प्रदर्शनाला माल कमी पडला. भाऊंनी क्षणभरही विचार न करता घरातली वाटणी खोलून ट्रकमध्ये टाकली. चार दिवस दोन्ही घरं एकत्र जेवली. दोन्ही जावांना एकमेकींच्या भाज्यांत काय कमी आहे ते पुन्हा सविस्तर सांगता आलं.

पाचव्या दिवशी भिंत परत आली, तिच्याबरोबर ‘भरघोस उत्पन्नाची हमी’ हा स्टिकरही. धाकटा कंबरेवर हात ठेवून उभा होता.

“दादा, भिंत एक, गिऱ्हाइकं दोन. खरं ना? मंग चार दिवसाच्या भाड्यातलं अर्धं मले दे.”

भाऊ काही बोलले नाहीत. त्यांनी धाकट्याच्या बाजूचं पॅनेल उन्हात तिरपं धरलं. पुतण्याने तिथे क्रिकेटपटूंची पोस्टरं टेपने चिकटवली होती. डाग स्पष्ट दिसत होते. भाऊंनी खिशातून वही काढली.