टेम्पोवरील जाहीरनामा

नगर जिल्ह्यातील लहान व्यापाऱ्याने टेम्पो घेतला की त्याच्या अंगावर व्हिनाईल चिकटवून जो मजकूर प्रसिद्ध होतो, त्यास जाहिरात म्हणण्यापेक्षा वंशावळीसह दाखल केलेला दस्तऐवज म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. कारण कुलदैवत, शिर्डीचे साईबाबा, मालकाचे कोटातील छायाचित्र, दोन्ही चिरंजीवांची नावे, ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही घोषणा आणि तीन मोबाईल क्रमांक, इतका ऐवज यथाक्रम मांडल्यावर, मालक नेमके काय विकतो हे सांगण्यापुरती जागा मडगार्डापाशीच काय ती शिल्लक राहते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदास सुमारे १७ मीटर अंतर काटते. परंतु मालकाची समजूत अशी की मनमाड रस्त्यावरचे गिऱ्हाईक वही-पेन्सिल घेऊन टेम्पोमागे राहुरीपर्यंत धावेल. एक नाव, एक धंदा, एक क्रमांक आणि गडद पार्श्वभूमीवर ठसठशीत पांढरी अक्षरे, एवढी तजवीज पुरे, असे सुचविणाऱ्या कारागिरास ‘पैसे पूर्ण गाडीचे घेता ना?’ हा बिनतोड सवाल ऐकावा लागतो. (मागची बाजू तेवढी सावकाश वाचली जाते, त्याचे श्रेय वाहतूककोंडीचे.) २०२४ मध्ये सरकारी फर्मानाने जिल्हा ‘अहिल्यानगर’ झाला, तेव्हा पत्त्यावर नव्या नावाच्या पट्ट्या तत्परतेने डकविल्या गेल्या, त्यांतील एखादी मोबाईल क्रमांकाच्या शेवटच्या दोन आकड्यांवर बसली असल्यास, उरलेले दोन क्रमांक आहेतच.