दशांश चिन्हाच्या पुढे

पन्नाशी आली, धंद्यावरचं कर्ज फिटलं आणि गुडघे अजून कुरकुरत नसले, की काही माणसांना सहाशे घोड्यांची गाडी हवीशी वाटू लागते. आमच्या साडूंचं तसं झालं. त्यांचं भोसरीला मशीन शॉप आहे. मायक्रॉनमध्ये बोलणारा माणूस. २०२१ च्या पावसाळ्यात थोड्याच दिवसांच्या अंतराने दोन जर्मन सेडान भारतात आल्या: बीएमडब्ल्यूची एम५ कॉम्पिटिशन १.६२ कोटींना आणि मर्सिडीज-एएमजीची ई६३ एस १.७० कोटींना. दोन्ही किमती एक्स-शोरूम. नुसता रोड टॅक्सच वीस लाखांच्या वर, म्हणजे माझी अख्खी गाडी त्यात येऊन वर विमाही निघाला असता. साडूंनी एक कोरी वही घेतली आणि आकडे मांडायला बसले.

एम५ ला ४.४ लिटरचं व्ही८ इंजिन, ६२५ हॉर्सपॉवर. ई६३ ला ४ लिटरचं व्ही८, ६१२ हॉर्सपॉवर. तेरा घोड्यांचा फरक, म्हणजे जवळजवळ माझी दीड स्कूटर. टॉर्कमध्ये मात्र उलटं: एम५ ला ७५० न्यूटन-मीटर, ई६३ ला ८५०. एकीला आठ गिअर, दुसरीला नऊ. शून्यापासून शंभराचा वेग गाठायला एम५ ला ३.३ सेकंद, ई६३ ला ३.४. या शेवटच्या ओळीपाशी साडू थांबले. आणि बरेच दिवस तिथेच थांबले.

"एक दशांश," ते म्हणाले. "साडूभाऊ, आमच्या धंद्यात एवढ्यावर अख्खा लॉट परत येतो."

मी हिशेब केला. शंभराच्या वेगात एक दशांश सेकंदात गाडी पावणेतीन मीटर पुढे जाते. या गाड्या पाच-पाच मीटर लांब. म्हणजे दोघी एकदम सुटल्या तर एम५ निम्म्या गाडीहून थोडी जास्त पुढे असेल. पुण्यात एवढी जागा मोकळी सापडली की तिथे आधी एक स्कूटर घुसते, मग तिच्या मागून रिक्षाचं पुढचं चाक. एक दशांश सेकंदासाठी कोण पुढे होतं हे बघायला रस्त्यावर कुणी उरत नाही. साडूंना हे पटलं, पण पटल्याचा तुलनेवर काही परिणाम झाला नाही. उलट त्यांनी वहीत इतिहासाचं पान उघडलं.

तिथे माझाही पाय घसरला, कारण तो इतिहास खरंच गोड आहे. पहिली एम५ आली १९८५ साली. एम१ या शर्यतीच्या घराण्यातल्या गाडीचं ३.५ लिटरचं इंजिन सुधारून बीएमडब्ल्यूने एका सभ्य चारदारी गाडीत बसवलं. २८६ हॉर्सपॉवर, आणि दिसायला अशी की बँकेचा मॅनेजर ऑफिसला निघाला असावा. पुढे १९९० मध्ये मर्सिडीजने ५००ई काढली. तिचे पुढचे मडगार्ड इतके रुंद झाले, की झिंडेलफिंगनच्या कारखान्यातल्या लाईनवर ती मावेचना. मग बरंचसं काम जवळच्याच श्टुटगार्टमधल्या पोर्शेला दिलं. गाडीचा सांगाडा या कारखान्यातून त्या कारखान्यात, रंगाला परत इकडे, जुळणीला पुन्हा तिकडे.

"म्हणजे जॉबवर्क!" साडू उठून उभेच राहिले. मर्सिडीजही बाहेरून काम करून घेते, तेही पोर्शेकडून, हे कळल्यापासून जर्मनीबद्दल त्यांना एकदम घरोबा वाटू लागला. चलान कोण बनवत असेल, वाहतूक कुणाच्या खात्यावर, माल खराब निघाला तर कुणी सोसायचा, यावर ते अर्धा तास बोलले.

एएमजीची गोष्ट तर त्यांना तोंडपाठ झाली. आउफ्रेश्ट आणि मेल्शर, मर्सिडीज बनवणाऱ्या डायमलरमधले दोन इंजिनिअर, नोकरी सोडून १९६७ मध्ये स्वतःचं दुकान थाटतात. कंपनीच्या नावातला ए एकाचा, एम दुसऱ्याचा आणि जी ग्रोसआस्पाखचा, म्हणजे आउफ्रेश्टच्या जन्मगावाचा. आडनावात गाव घेऊन फिरणाऱ्या आपल्यासारख्यांना हे सांगावं लागत नाही. तिथली मोठी इंजिनं आजही एकच कारागीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत जुळवतो आणि वर आपल्या सहीची पट्टी लावतो. साडू ही पट्टी फोटोत मोठी करून बघत बसले. मग जरा खिन्नपणे म्हणाले, "आमच्याकडे ऑपरेटरची सही फक्त रिजेक्शनच्या शीटवर असते."

एवढं झाल्यावर कमाल वेग आला. जर्मन कंपन्यांनी फार पूर्वी आपसात ठरवून टाकलंय की ताशी २५० किलोमीटरला गाडी आपली आपण थांबवायची. सभ्य लोकांचा करार. अर्थात जास्तीचे पैसे भरले की एम५ ला ३०५ पर्यंत जाऊ देत, आणि ई६३ एस ला ३०० पर्यंत. आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मर्यादा शंभरची, घाटात त्याहून कमी. म्हणजे ज्या कामाला या गाड्यांना साडेतीन सेकंदही लागत नाहीत, ते झालं की लोणावळ्यापर्यंत करायचं काय हा प्रश्न उरतोच. शिवाय दोन्ही गाड्यांत सगळी ताकद मागच्या चाकांकडे पाठवून गाडी आडवी घसरवायची सोय आहे. चाकण रस्त्यावर पहिल्या पावसात प्रत्येक टेम्पो हे फुकट करून दाखवतो.

माझं मत विचाराल तर एम५. ती जरा कमी बोलते. मतासाठी मला काही खर्च नसल्यामुळे मी ते ठामपणे दिलं. साडू म्हणाले, तिचं छत कार्बन फायबरचं आहे, वजन कमी व्हावं म्हणून. मी त्यांच्या शर्टाच्या ताणलेल्या बटणांकडे बघितलं आणि विषय बदलला. पण छतापेक्षा त्यांना खालची चिंता जास्त होती. कॉम्पिटिशन मॉडेल साध्या एम५ पेक्षा सात मिलिमीटर खाली बसतं. सात मिलिमीटर म्हणजे सात हजार मायक्रॉन. ते टेप घेऊन स्वतःच्या कारखान्याच्या फाटकातला स्पीडब्रेकर मोजून आले.

मग टेस्ट ड्राइव्ह. विद्यापीठ चौकातले जुने पूल पाडून झालेले होते, नवा व्हायचा होता. सहाशे घोड्यांच्या गाडीत बसून आम्ही पीएमपीच्या बसची मागची जाहिरात सविस्तर वाचली. शोरूमचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "सर, पिकअप एकदम स्मूथ आहे." ते खरं होतं. पहिल्या गिअरमध्ये तरी.

वही शेवटी मेहुणीच्या हाती लागली. ती फर्ममध्ये भागीदार आहे, हिशेब तिच्याकडे. तिने सगळी पानं नीट वाचली, अगदी पोर्शेच्या जॉबवर्कसकट, आणि विचारलं, "अहो, यात मागच्या सीटचं काहीच कसं नाही?"

साडू म्हणाले, या गाड्या चालवणाऱ्यासाठी असतात.

"बरं. मुंबईला जाताना घाट लागला की गाडी ड्रायव्हरकडे देऊन मागे येऊन झोपतं कोण?"

साडूंनी माझ्याकडे बघितलं. मी वहीकडे.

मग तिने सांगितलं ते असं. भारतात साधी ई-क्लास २०१७ पासून लांब व्हीलबेसची मिळते. बनते इथेच, चाकणला, भोसरीहून हाकेच्या अंतरावर. मागे पाय पसरून बसता येतं, आणि किंमत ई६३ च्या निम्म्याने. साडूंच्या एक कोटी सत्तर लाखांच्या गाडीला मात्र नेहमीच्याच लांबीचा व्हीलबेस, वर ती जहाजातून येणार.

"पण त्या इंजिनावर सही नसते गं," साडू म्हणाले. आवाजात खरी कळकळ होती. "एक माणूस, एक इंजिन. एकाची सही."

"असू दे की," ती म्हणाली. "आपल्या चेकवर दोघांची लागते."