चंपाषष्ठी नसलेला चातुर्मास

पुण्याच्या मार्केट यार्डातल्या भुसार विभागात गिऱ्हाईक पूर्वी आधी पोत्यात हात घालायचं. आता ते आधी फोनमधली यादी काढतं. यादीत काय घ्यायचं ते थोडं, काय चालणार नाही ते भरपूर. गहू नको, दूध नको, साखर नको. हे सगळं सोडलंय घरातल्या इयत्ता तिसरीने. तिसरीला विचारलं नव्हतं एवढंच.

गादीवरचे शेठ जुने जाणते. गिऱ्हाईक गहू नको म्हणालं म्हणून गव्हाचा धंदा सोडणाऱ्यातले नव्हेत. "ताई, खपली घेऊन जा. जुनं धान्य, त्यात ते ग्लुटेन-बिटेन काही नसतं." ताई दहा किलो खपली घेतात. खपली हा गहूच, आणि त्यात ग्लुटेन असतंच. पण शेठही खूश, ताईही खूश; आपण मध्ये कशाला बोलायचं? जाता जाता ताई हिंगाची डबी घेतात. डबीतल्या हिंगात पुष्कळदा मैदा कालवलेला असतो. म्हणजे पुढच्या दाराने हाकललेला गहू मागच्या दाराने फोडणीत हजर!

गहू न सोसणारी मुलं खरोखर असतात. त्या आजाराला सीलियाक म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला, तेव्हा ही आजारी मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खंगली, हे विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने टिपलं होतं. या मुलांना गव्हाचा कणही चालत नाही, तोही जन्मभर. मैद्याचा हिंग त्यांच्यासाठी विनोद नव्हे. पण हा आजार रक्ताच्या तपासणीत सापडतो तो मूल गहू खात असतानाच. आधी पोळी बंद केली की काही महिन्यांनी रक्त साळसूद होतं आणि अहवाल कोरा येतो. आमच्याकडे तपासणी शेवटी होते. आधी बंदी, मग शेजारणींना सल्ला, मग डॉक्टर.

'एलिमिनेशन डाएट' हे डॉक्टरांचं हत्यार आहे. शंका असलेला पदार्थ दोन-चार आठवडे बंद करायचा, मग परत देऊन बघायचं. आपल्या आज्यांना हे शिकवावं लागलं नाही. कांदेनवमीला कांदा-वांगं पोटभर खाऊन चातुर्मासात सोडायचं आणि चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत करून परत घ्यायचं, अशी तारीख आधीच ठरलेली असे. कायमचं सोडायचं तर काशीला जावं लागे, आणि तिथेही आजी स्वतःच्या जिभेवरचं सोडून येई, नातवाच्या नव्हे. आताच्या चातुर्मासाला चंपाषष्ठीच नाही. गहू गेला, त्यामागून दूध गेलं. दूध पचत नाही म्हणून दहीही गेलं, जे दूध न पचणाऱ्या बहुतेकांना सोसतं. त्या जागी बदामाच्या दुधाचा खोका आला. त्यात बदाम नावापुरते आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या पासंगालाही न पुरणारी. तिसरीचं वजन वाढेना, तेव्हा यादीत शेंगदाण्याचं नाव चढलं.

याच यार्डात पाठीवर पोती वाहणाऱ्यांची मुलंही शाळेत जातात. त्यांच्या डब्यात ज्वारीची भाकरी असते. ती जन्मजात ग्लुटेनमुक्त आहे, हे त्यांच्या आयांना कुणी सांगू नये. उद्या तिचाही भाव वाढेल. हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' ही खानावळ सुरू केली ती स्वस्तात पोट भरावं म्हणून. कोरेगाव पार्कात तीच भाकर काळ्या दगडी पाटीवर मांडून कितीला विकतात, ते बघायला आपण न गेलेलं बरं.

हमालांच्या या मुलांनाही वर्ज्य आहार मिळाला, तोही फुकट आणि सरकारी शिक्क्यानिशी. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. अंडं न खाणाऱ्याला केळं. लगेच कुणाकुणाच्या भावना दुखावल्या. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा आणि साखरेचा निधी बंद झाला. वर्षाचे सुमारे ५० कोटी वाचले. ज्या शाळेला अंडं द्यायचंच असेल तिने लोकसहभागातून द्यावं, असं ठरलं. इथे ना रक्ताची तपासणी, ना ॲलर्जीची शंका. अंडं कुणाच्याच पोटाला बाधलं नव्हतं.

तेव्हा ताई, दोन कामं करा. मुलाचं पोट खरंच बिघडत असेल, वजन-उंची अडली असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि तपासणी होईपर्यंत पोळी चालू ठेवा. आणि पुढच्या महिन्यात बदामाच्या दुधाचे खोके घेऊ नका. त्या पैशांची अंडी जवळच्या महापालिकेच्या शाळेत पाठवा. शासन निर्णयात यालाच लोकसहभाग म्हणतात.