सोफ्यावरचे गिर्यारोहक

'नॉर्डवांड' हा २००८चा जर्मन चित्रपट संपला, की घरोघरी तज्ज्ञ उगवतात. १९३६ साली आयगर शिखराच्या उत्तर भिंतीवर हिंटरश्टॉयसर आणि त्याच्या तीन साथीदारांनी आडव्या टप्प्यावरचा दोर काढून घेतला, परतीची वाट बंद झाली, चौघेही गेले. "दोर काढायचाच कशाला? साधी गोष्ट आहे!" त्यांच्यापैकी टोनी कुर्त्स सुटकेसाठी आलेल्यांच्या डोक्यावर काही मीटरवर लटकत मेला, कारण दोन दोर जोडणारी गाठ कॅराबिनरमधून सरकेना. "मग गाठ बारीक मारायची ना!" हे सांगणाऱ्याने स्वतःच्या पायजम्याची नाडी परवाच कात्रीने सोडवली. सौभाग्यवतींची तक्रार वेगळीच: बर्फ फार, प्रेम कमी. खरं तर तेव्हाही पायथ्याच्या क्लाइने शायडेकच्या हॉटेलातले पाहुणे दुर्बिणीला डोळे लावून होतेच. बिचाऱ्यांना चहासाठी पॉज करता येत नव्हतं, इतकंच.